बंदूक घरात येते

कुरियरच्या पोऱ्याने खोक्यावरचं चित्र पाहिलं,
मग माझ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे.
"गालिचे करायची आहे," मी म्हटलं,
"बंदूक म्हणतात, एवढंच."
त्याने सही घेतली
आणि दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला.

वूच शहर, चौथा मजला, माझं एकोणसाठावं.
एकतीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या,
म्हणून अर्धं सामान घरातच होतं:
धुळीचा मास्क, काठाशी पिवळा पडलेला चष्मा,
कानातले बोळे,
आणि हात. हातांबद्दल मला शंका नव्हती.

बाकीचं जमवायला महिना गेला.
चौकटीला पाइनच्या चार पट्ट्या हव्या होत्या,
दुकानदाराने त्यातली एक वाकडी खपवली;
कळलं तेव्हा करवत चालवून झाली होती.
कडेच्या खिळपट्टीने पहिल्याच दिवशी अंगठ्याचं रक्त चाखलं.
दोन शिकंजे जेवणाच्या टेबलाला आवळले,
तेव्हापासून ताट मांडीवर.
कापड मात्र चांगलंच घे, वांदाने बजावलेलं,
तिने जुन्या पडद्यावर सुरुवात केली होती
आणि पडदा असा उभा फाटला
की पलीकडून तिचा नवरा दिसायला लागला.

लोकर मिळाली बंद गिरणीच्या शिल्लक मालातून,
किलोच्या भावाने, पुठ्ठ्याच्या शंकूंवर.
रंगांना नावं नाहीत, आकडे.
चारशे सतरा म्हणजे भिजलेली वीट.
अठ्ठ्याऐंशी कुणाला कशाला हवा होता देव जाणे,
स्वस्त होता, दोन घेतले.
डिंकाचा डबा बाल्कनीत. झाकण उघडलं
आणि मांजर दोन दिवस माझ्याशी बोललं नाही.

कापड ताणताना रात्रीचे अकरा.
इकडे ओढलं की तिकडे ढिलं.
शेवटी टिचकी मारली, तर
टरबूज पिकलंय का बघताना येतो तसा आवाज आला.

काढायचा होता मासा. नाताळच्या आधी
आमच्या बाथटबमध्ये चार दिवस पोहणारा कार्प.
मी आठ वर्षांची, त्याच्यामुळे बिनआंघोळीची, खूश.
पाचव्या दिवशी टब घासलेला होता.

बंदूक मागून चालते, चित्र पुढे उमटतं, म्हणजे सगळं उलटं.
इथे म्हणे नवखे अडखळतात.
माझी तर नोकरीच उलट्यात गेली,
माणसं मी ओळखायची ती साच्यातल्या पोकळीवरून.

घोडा दाबला.
खिडकीच्या काचा, कपाटातल्या बशा, माझे स्वतःचे दात,
सगळं एकदम थरथरलं.
पाच मिनिटांत दारावर थाप.
खालच्या मजल्यावरचे झेनोन, घरातल्या सपाता, कपाळावर आठी.
मी माफीची वाक्यं जुळवत होते.
"कोरडी आहे," ते म्हणाले.
"काय?"
"सुईचा दांडा कोरडा आहे. ऐकू येत नाही तुम्हाला?
पुन्हा चालवा."
मी चालवली. त्यांनी डोळे मिटले,
गिरणीत मागच्या कितीतरी वर्षांपूर्वी मिटत असतील तसे.
खाली गेले, लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन आले.
दोन थेंब. तिसरा कापडावर सांडला,
त्याबद्दल काही बोलले नाहीत.
आवाज खाली बसला.
"सहानंतर नको," जाता जाता,
"माझ्या बातम्या असतात."

पहिली ओळ पाठीवर सरळ गेली,
कल्ल्यापाशी भरकटली.
धागा धरून ओढला, सगळा सुटून आला
आणि मागे उरली भोकांची रांग.
नखाने खरवडलं, आडवं, उभं.
वीण हळूहळू एकमेकींकडे सरकली.
भोकं गेली.

दाताचं असं होत नाही.
एकतीस वर्षं हेच सांगत आले लोकांना,
कुणाचा विश्वास बसत नसे.

घड्याळात पाच चाळीस.
अठ्ठ्याऐंशीचा शंकू ओवला. डोळ्यासाठी बरा आहे तो.